आप्पांना दिसणारी बेल

त्या गुरुवारी पाणी सकाळी साडेअकराला आलं. सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशीही कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून आमच्या माहेरच्या गल्लीत एक रीत पडून गेलीय. ज्याच्या खड्ड्यातल्या नळाला आधी धार लागेल त्याने शेजाऱ्याला सांगायचं. आमच्या घराला शेजारच्या अक्का सांगतात. त्या दिवशीही त्या आल्या, बेल दाबली, "नीळ्ळू वच्चिनय!", पाणी आलं, असं तेलुगूत ओरडल्या, दारावर थापा मारल्या, पुन्हा बेल दाबली. मग स्वतःची मोटर लावायला पळाल्या, कारण पाण्याचा जोर फार वेळ टिकत नाही.

आई विड्या द्यायला गेली होती. घरात माझे वडील, आप्पा होते. दाराकडे पाठ करून, खिडकीच्या उजेडात पेपर वाचत. दार त्यांच्यापासून सात-आठ पावलांवर. त्यांना काहीच कळलं नाही.

आई एक वाजता परत आली तेव्हा नळ कोरडा होता. पुढचं पाणी चार दिवसांनी. आप्पा काही बोलले नाहीत. हौदाचं झाकण उचलून आत वाकून बघितलं, झाकण परत ठेवलं, आणि जेवताना मान वर केली नाही. रात्री आईचा फोन आला. पाणी गेल्याचं तिने एका वाक्यात सांगितलं. पुढची दहा मिनिटं ती त्या खाली घातलेल्या मानेबद्दलच बोलत होती.

आप्पांनी ३८ वर्षं यंत्रमाग चालवला. शहराच्या पूर्व भागात, सोलापुरी चादरीची नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर. जो कधी अशा शेडमध्ये उभा राहिला नाही त्याला तो आवाज सांगून कळणार नाही. आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो, पलीकडच्या पेटीवर आदळतो, परत फिरतो. दर फेऱ्याला फणी ठोका देते. आणि असे पंधरा-वीस माग एका पत्र्याच्या छपराखाली. लहानपणी मी आप्पांचा डबा घेऊन जायची तेव्हा शेडच्या दारातच छातीत काहीतरी थरथरायला लागायचं. आवाज कानाआधी छातीला समजायचा.

आत कुणी कुणाशी बोलत नसे. सगळं खुणांवर चालायचं. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ पालथी करून झटकली की कांडी संपली. तळहात छातीपाशी उभा धरला की, कळलं, आलो. ही शेवटची खूण आप्पा घरीही करायचे. आईने जेवायला हाक मारली की तोंडाने 'हो' म्हणण्याऐवजी तळहात दाखवायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, दमून आलेत, बोलायचा कंटाळा आहे.

तो कंटाळा नव्हता. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग असतो, त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. वर्षानुवर्षं मोठा आवाज पडत राहिला की त्या मरतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या उंच स्वर टिपणाऱ्या, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणून अशी माणसं म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." 'आ', 'ओ' पोचतात, स, श, त, क वाटेतच गळतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. आप्पांची पाळी बऱ्याचदा बारा तासांची असायची, आणि कानात निदान कापसाचा बोळा घाल एवढंसुद्धा त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. याचा मला राग आहे. तो जाईल असं वाटत नाही, जाऊ नये असंही वाटतं.

आणि आमच्या दाराची बेल कुठली? पाखराच्या चिवचिवाटाची. सगळी उंच स्वरांची. जणू आप्पांच्या मेलेल्या पेशींवर नेम धरूनच बनवलेली. कानाला लावायचं यंत्र घेतलं होतं, पण त्यात पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट आणि माणसाचा शब्द सगळं सारखंच मोठं होतं, म्हणून ते डबीत घालून कपाटात ठेवलंय. डोळे मात्र मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लख्ख आहेत. तेव्हा बेल ऐकू येत नसेल तर ती दिसली पाहिजे, इतका साधा विचार मी त्या रात्री केला.

सोपा उपाय आधी करून बघितला. गल्लीतल्या वायरमनने बेलच्या वायरीला जोडून एक बल्ब आप्पांच्या समोरच्या भिंतीवर लावून दिला. बेल दाबली की बल्ब लागायचा. पण बेल माणूस किती वेळ दाबतो? अर्धा सेकंद. तेवढ्यात बल्ब लागून विझायचा, आणि आप्पांची नजर पेपरात असायची. भिंतीवरचा खटका खाली केला की खाली राहतो. बेलच्या बटणाला स्प्रिंग असते, बोट उचललं की ते जागेवर येतं. म्हणजे बटण फक्त बातमी देतं, अर्ध्या सेकंदाची. ती बातमी कुणीतरी धरून ठेवायला हवी, आप्पा वर बघेपर्यंत. नुसत्या तारेला ते जमत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांच्या प्रदर्शनासाठी आणलेलं अर्डुइनोचं, म्हणजे आपण सांगू तसं वागणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं, एक किट माझ्याकडे होतं. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावात तयार झाला, डिझाइन शिकणाऱ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नसलेल्या मुलांना वापरता यावा म्हणून. त्याचा आराखडा खुला ठेवला, म्हणून आज तो स्वस्तात मिळतो. पत्त्यांच्या जोडाएवढा निळा बोर्ड, त्यावर अठ्ठावीस पायांची एक काळी चिप. तिला १ सेकंदात १ कोटी ६० लाख ठोके पडतात, आणि आपण लिहिलेल्या सूचना ती सांभाळते. मला दोनच गोष्टींची स्मृती हवी होती. 'कुणी आलंय' आणि 'कुणी नाही'.

रविवारी माहेरी गेले आणि आप्पांच्या पलंगावरच सगळं मांडलं. खरं तर ओट्यावर मांडणार होते, पण आप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि चादरीवर हात फिरवून जागा करून दिली. मग टेकून बसून बघत राहिले.

पहिली जोडणी सगळे करतात तीच. एक एलईडी, तिच्या लांब पायाला धन बाजू. सोबत २२० ओहमचा रोध, लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा, नाहीतर विजेचा प्रवाह जास्त होऊन एलईडी जळते, किंवा चिपचा पाय. आणि एक छोटं बटण. या बटणाला चार पाय असतात आणि ते फसवतात. समोरासमोरचे दोन पाय आतून आधीच जोडलेले असतात. बटण एक चतुर्थांश फिरवून बसवलं तर ते कायमचं दाबलेलंच राहतं. दरवर्षी माझ्या वर्गातली निम्मी मुलं इथे अडतात, म्हणून मला हे पाठ आहे. मी एक बाजू ५ व्होल्टला जोडली, दुसरी बोर्डवर २ नंबर असलेल्या चिपच्या पायाला. चिपला सांगितलं, त्या पायावर विजेचा दाब आला की दिवा लाव, नसला की विझव.

बटण दाबलं, दिवा लागला. सोडलं. दिवा विझला नाही. मंद थरथरत राहिला. आप्पांनी नीट बघायला हात पुढे केला, वायरीला शिवलेसुद्धा नाहीत, आणि दिवा प्रखर झाला. हात मागे घेतला, मंद. पुन्हा पुढे केला, प्रखर. चार वेळा त्यांनी करून बघितलं.

"काय करायलंय हे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर तोंड आणून, ओठ दिसतील अशी, सावकाश सांगितलं. बटण सोडल्यावर चिपचा तो पाय कशालाच जोडलेला राहत नाही. तो अधांतरी असतो, हवेतल्या कुठल्याही लहरीवर हलतो. घरातल्या वायरिंगमध्ये वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, आपलं शरीर ती थोडी पकडतं, हात जवळ नेला की त्या पायाला ती लागते. चिपला वाटतं, बटण दाबलंय.

आप्पांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "खाली वजन नाही त्याला."

मला कळलं नाही. त्यांनी उशीच्या अभ्र्यातून एक धागा ओढून काढला, दोन बोटांत उभा धरला आणि समजावून सांगितलं. जेकार्डमध्ये नक्षी पुठ्ठ्यांवर असते. पुठ्ठ्याला भोक असलं की सुई आत जाते, तिच्याबरोबरचा आकडा वर उचलला जातो आणि त्या आकड्याचा उभा धागा वर येतो. भोक नसलं की सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो, धागा खालीच राहतो. एवढं मला माहीत होतं. १८०४ साली लिऑनच्या जाकार्डने ही युक्ती बसवली, आणि भोक आहे की नाही या हो-नाहीच्या भाषेतूनच पुढे गणकयंत्रं आली, हे मी वर्गात शिकवतेसुद्धा. पण आप्पा बोलत होते ते मी शिकवत नव्हते. आकडा वर गेला तर धागा वर जातो, हे ठीक. आकडा सुटला तर धागा खाली कशाने येतो? आपोआप नाही येत. प्रत्येक दोरीच्या खालच्या टोकाला लोखंडाची एक बारीक काडी टांगलेली असते. शेकडो दोऱ्या, शेकडो काड्या. कुणी उचललं नाही तर तिने धागा खाली ओढून धरायचा, एवढंच तिचं काम. काडी पडली की तो धागा मध्येच लोंबकळतो, धोट्याच्या वाटेत येतो आणि तुटतो.

"सोडल्यावर खाली यायला वजन पाहिजे की," ते म्हणाले.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्या वजनाला पुल-डाउन रोध म्हणतात. १० हजार ओहमचा रोध चिपच्या पायापासून शून्य व्होल्टपर्यंत लावायचा. बटण दाबलेलं नसताना तो पायाला हलकेच शून्यावर धरून ठेवतो. बटण दाबलं की ५ व्होल्टचा जोर त्याच्यापेक्षा मोठा, पाय वर जातो. सोडलं की वजन त्याला खाली आणतं. माझ्या किटच्या डबीत तो रोध होता, कुठे लावायचा हेही मला ठाऊक होतं. पण सात वर्षं मुलांना 'हा लावावाच लागतो' एवढं सांगत आले. का लावावा लागतो ते त्या रविवारी आप्पांच्या चिमटीतल्या धाग्यात दिसलं.

रोध लावला. दिवा शांत विझला. आप्पांनी हात जवळ नेला, लांब नेला. काही नाही. त्यांनी तळहात छातीपाशी उभा धरला.

त्यानंतर बटणाचा दुसरा स्वभाव भेटला. एकदा दाबलं की दिवा लागावा, पुन्हा दाबलं की विझावा, असं करून बघत होते. तो कधी ऐकायचा, कधी नाही. बटणाच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्या एकमेकींवर टेकतात तेव्हा एकदम टेकून राहत नाहीत. फरशीवर टाकलेल्या गोटीसारख्या दोन-चार उड्या मारतात. माणसाला ते कळत नाही, कारण सगळं सेकंदाच्या काही हजारांशांत उरकतं. पण चिपसाठी ५ हजारांश सेकंद म्हणजे ८० हजार ठोके. तिला प्रत्येक उडी वेगळी दाबणी वाटते. लाव, विझव, लाव, विझव. शेवटी काय उरेल ते नशिबावर. उपाय असा की बटण सलग ५० हजारांश सेकंद दाबलेलं राहिलं तरच ती खरी दाबणी धरायची. माणसाला तो उशीर जाणवतसुद्धा नाही. खात्री केल्याशिवाय बातमी पुढे द्यायची नाही, हा नियम मला फार आवडला, आणि पुढे तारण्यात त्याचाही हात होता.

कारण पलंगावरची गोष्ट पलंगावर ठीक होती. बटण दारात जायचं होतं, बोर्ड आतल्या भिंतीला, मध्ये नऊ मीटर तार. तार लावली आणि तासाभरात दिवा आपोआप लागला. दारात कुणी नव्हतं. पुन्हा विझवला, पुन्हा लागला. शेवटी आईच्या लक्षात आलं. पलीकडे अक्का वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर चालू करतात, बंद करतात, तेव्हा तेव्हा आमचा दिवा लागतो. मोटर चालू-बंद होताना विजेला जो झटका बसतो तो जवळच्या लांब तारेत उतरतो. जिच्यामुळे पाणी चुकलं ती बेल आता पाण्याच्या मोटरीने आपोआप वाजत होती. मी हिरमुसले. घरी परत जावं, मुलांच्या वह्या तपासाव्यात, असं वाटलं.

मग एकेक करत गेले. दारापर्यंत ५ व्होल्ट न नेता शून्याची तार नेली आणि रोध वरच्या बाजूला लावला. आता बटण सोडलेलं असताना पाय ५ व्होल्टवर, दाबलं की शून्यावर. चादर उलटी केली की नक्षी तीच राहते आणि रंगांची अदलाबदल होते, तसं हे. चिपला फक्त उलटं वाचायला सांगायचं. १० हजारांचा रोध काढून १ हजाराचा लावला, म्हणजे वजन जड केलं, किरकोळ झटक्याने हलणार नाही असं. चिपपाशी एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, जो बारीक झटके पिऊन टाकतो. ५० हजारांश सेकंदांची खात्री होतीच. आणि शेवटचं काम होतं पिळाचं.

दोन तारा सुट्या समांतर नेल्या तर त्यांच्यात एक लांबट फट राहते. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र त्या फटीतून जातं आणि तारेत नको ती वीज उठवतं. तारा एकमेकींभोवती पिळल्या की फटीचे बारीक बारीक तुकडे होतात, आणि शेजारच्या दोन तुकड्यांत उठणारी वीज उलट दिशांची असल्याने एकमेकांना मारते. ही युक्ती १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनच्या तारांसाठी पेटंट केली. त्याची आई कानाने अधू होती, बायको बहिरी होती, आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. हे सगळं मी आप्पांना सांगायला निघाले होते, पण त्यांनी 'पीळ' एवढा एक शब्द ओठांवर वाचला आणि तारेची दोन टोकं माझ्या हातातून घेतली.

एक टोक त्यांनी खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं टोक धरून अंगणापर्यंत मागे मागे गेले, तार ताणून. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये ती फिरवायला लागले. सुरुवातीला काहीच दिसत नव्हतं. मग गजापाशी एक वळसा उमटला, त्याच्यामागे दुसरा, आणि पीळ हळूहळू त्यांच्याकडे सरकत आला. मध्येच थांबून दुसऱ्या हाताने ते तारेवर बोट फिरवत होते. कुठे पीळ दाटलाय, कुठे विरळ आहे, ते बघत. विरळ जागी बोटाने सारून सारखा करत. ऑपरेशन झालेले डोळे त्यांनी अर्धे मिटले होते, ते काम बोटांनीच चाललं होतं. दुहेरी सुताला किती पीळ द्यायचा हे त्या बोटांना माहीत होतं. कमी दिला तर सूत सुटतं, जास्त दिला तर गाठी पडतात. नऊ मीटरला त्यांना पाऊण तास लागला. मी ड्रिल मशीनला टोक अडकवून दोन मिनिटांत केलं असतं. तसं केलं नाही, याचं मला समाधान आहे.

तार बसवली. अक्कांना मोटर चालू-बंद करायला सांगितलं, दहा वेळा. दिवा लागला नाही.

दिव्यासाठी १२ व्होल्टची एलईडी पट्टी घेतली, गड्ड्याच्या यात्रेत दुकानांच्या पाट्यांभोवती लावतात तशी. एक तुकडा आप्पांच्या समोर, एक मागच्या खोलीत. चिपचा पाय एवढं ओझं उचलू शकत नाही, त्याने २० मिलिअँपिअरच्या आत राहावं. म्हणून मध्ये एक मॉस्फेट घातला, जो चिपच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडतो आणि थांबवतो. मुद्दामच २३० व्होल्टला हात लावला नाही. घरात पाणी येतं तेव्हा सगळ्यांचे हात ओले असतात, आणि दारातलं बटण पावसात भिजतं. लाइट गेली तर काय, म्हणून राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस जोडला.

दिवा नुसता लागण्यापेक्षा उघडझाप करणारा बरा, नजर त्याच्याकडे जाते. फार भरभर नको, काहींना त्याने त्रास होतो आणि आप्पांचं डोकंही दुखेल. अर्धा सेकंद लागलेला, अर्धा सेकंद विझलेला. आणि आप्पांच्या खुर्चीच्या हाताला त्यांचं स्वतःचं एक बटण, हाक पोचली म्हणून सांगायचं. ते दाबलं की दिवा थांबायचा.

तो थांबेना. आप्पा दाबायचे, दिवा आपला चालूच. दोनदा, तीनदा दाबल्यावर कधीतरी थांबायचा. दाबून धरलं तर नक्की थांबायचा.

आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यालाबी ऐकू येत नाही का?"

तेच होतं. उघडझाप करण्यासाठी मी चिपला 'डिले' दिला होता. दिवा लाव, अर्धा सेकंद थांब, विझव, अर्धा सेकंद थांब. त्या थांबण्यात चिप दुसरं काहीच करत नाही. बटणाकडे बघतसुद्धा नाही. आप्पांचं बोट त्या अर्ध्या सेकंदात दाबून उचललं गेलं की तिला कळतच नव्हतं. दिवा लावण्यात गुंतलेली चिप दारातल्या माणसाला आप्पा वागवतात तसंच, नाइलाजाने, आप्पांना वागवत होती.

ते मी बदललं. आता ती कुठेच थांबत नाही. चिपमध्ये 'मिलिस' नावाचं एक घड्याळ आहे, सुरू झाल्यापासूनचे हजारांश सेकंद मोजणारं. प्रत्येक फेरीत ती दोन्ही बटणांकडे बघते, मग घड्याळाकडे बघते, अर्धा सेकंद झाला असेल तर दिवा बदलते, नाहीतर पुन्हा बटणांकडे. सेकंदाला हजारो फेऱ्या. हे घड्याळ साधारण ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतं. बेल रात्रंदिवस चालणार, म्हणून वजाबाकी बरोबर लिहावी लागली. नाहीतर दीड महिन्याने एके दिवशी दिवा अडकून बसला असता आणि कुणाला कारण सापडलं नसतं. आप्पांनी बटण हलकंच टेकवलं. दिवा तत्काळ थांबला.

एवढ्यावर मी संपवलं होतं. पण आई म्हणाली, "दारातल्या माणसाला काय कळणार, ह्यांना समजलं का नाही ते? गुडघ्यांमुळे उठायला पाच मिनिटं लागतात. गॅसवाला तोवर गेलेला असतो." आईचं बरोबर होतं. मी सगळा विचार आतल्या बाजूने केला होता. मग आणखी एक तार, आणि बाहेर बटणाच्या वर एक हिरवी एलईडी. आप्पांनी आतून दाबलं की आतला दिवा थांबतो आणि बाहेरची हिरवी लागते, दोन मिनिटं. त्यांचा छातीपाशी धरलेला तळहात आता भिंतीपलीकडे दिसतो. आईने खडूने शेजारी लिहिलं होतं, 'हिरवा लागला की थांबा, येतात.' पावसाने ते पुसलं. परत लिहायची गरज पडली नाही.

पुढच्या खेपेला पाणी संध्याकाळी आलं. मी नव्हते, आईने सांगितलं. आप्पा झोपले होते, पट्टीचा उजेड मिटल्या पापण्यांवर उघडझाप करत होता, त्याने जाग आली. बटण दाबलं, भिंतीला धरत उठले, आणि दार उघडलं तेव्हा अक्का पायरीवर उभ्या होत्या. स्वतःची मोटर सोडून. हिरवा ठिपका बघत. नळाला पाइप लावून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि मग आईला म्हणाल्या, असलं एक आमच्याकडे बसवून देतील का? त्यांच्या घरातलं माणूसही मागावरचंच. २९ वर्षं.

परवा नवी पेठेतून दुसरा बोर्ड आणला. अक्कांच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत अकरा मीटर भरतं. तार आप्पांनी कालच खिडकीच्या गजाला बांधली आहे.